दोर जुना नव्हता

आबा, काल अकरावीच्या वर्गात मी तुमचा बादलीचा खेळ केला. पलूसच्या आमच्या कॉलेजात कबड्डी खेळणारी दोन दांडगी पोरं आहेत. त्यांच्या हातात दोराची दोन टोकं दिली, मधोमध पाण्यानं भरलेली बादली अडकवली आणि म्हटलं, करा बघू दोर सरळ. जवळजवळ उभी होती तोवर बादली सहज पेलली. मग एकमेकांपासून लांब सरकली तसा दोर आडवा होत गेला, मनगटाच्या शिरा फुगल्या, एकाची चप्पल फरशीवरून घसरायला लागली, पण मधला झोळ काही जाईना. जन्मात जायचा नाही तो. बळांचा धडा मी वीस वर्षं शिकवतेय आणि छातीठोक सांगते, तो माझ्यासारखा या भागात कुणी शिकवत नाही. गर्व म्हणा हवं तर. तुमचीच पोरगी आहे.

पुस्तकात लिहिलंय, आधी वस्तू वेगळी काढा, मग तिच्यावरची बळं बाणांनी दाखवा. मी फळ्यावर लिहिते, ‘हिला कोण कोण धरून आहे?’ वाक्य तुमचं आहे. कुपवाडच्या कारखान्यांतल्या जड मशिनी एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये न्यायच्या हे तुमचं काम. माणदेशातल्या मेंढक्याचा मुलगा, शाळा चौथीपर्यंत, पण मशीनला हात लावायच्या आधी तिच्याभोवती सावकाश एक फेरी मारणार. एकदा सहा जण पहारी लावून घामाघूम झाले होते आणि तुम्ही खाली वाकून न काढलेला एक बोल्ट दाखवलात. आज माझी मुलं तेच करतात. टेबलावरच्या पुस्तकाला खाली कोण ओढतं, वर कोण उचलून धरतं, ढकललं तर मागं कोण खेचतं. एकही बाण सुटता कामा नये. जड वस्तू जागची हलवायला जोर जास्त आणि हलल्यावर कमी का लागतो, हे सांगताना मी आधी तुमचं ऐकवते. ‘बसलेली म्हस हाय ती, उठली की चालती.’ घर्षणाची व्याख्या त्यानंतर.

तर काल त्या दोन पोरांपैकी एकाला मी विचारलं, काय वाटतंय हाताला? तो म्हणाला, मॅडम, बादलीचं वजन वाढलं. वर्ग खो खो हसला आणि मी अशी काही भडकले की पुढच्या बाकावरची मुलगी दचकली. हसायचं काय त्यात? बादलीचं वजन तेवढंच राहतं, पण दोर जितका आडवा तितका त्याच्यातला ताण वाढतो. त्याच्या हाताला जे कळलं ते खरंच होतं, नाव तेवढं चुकलं. हे सगळं मी समजावून सांगितलं, बाण काढून दाखवले. कशामुळं भडकले ते मात्र सांगितलं नाही.

मी बारावीत होते तेव्हाची गोष्ट. तुमचा डबा घेऊन शेडवर आले होते. लोखंड कातायची अवजड लेथ उचलायची होती. वर गर्डरला ओझं उचलायचा साखळीचा चेनब्लॉक, त्याच्या हुकातून दोर आणि दोराची दोन टोकं लेथच्या दोन बाजूंना. तुमचा नियम ठरलेला होता. मशीनची जेवढी लांबी, निदान तेवढा दोर हुकाच्या प्रत्येक अंगाला उतरला पाहिजे. हाताशी होता तो दोर आखूड होता, लांब दोर दुसऱ्या शेडमध्ये अडकलेला, म्हणून तुम्ही तुमच्या हाताखालच्या टोळीला बसवून ठेवलं होतंत. टोळी कंटाळलेली. मी विचारलं, का थांबलाय? तुम्ही म्हणालात, ‘आखूड दोर आडवा हुतो, पोरी. आडवा झाला की वजन वाढतं.’

आणि मी सगळ्यांसमोर हसले. आवं आबा, वजन म्हणजे पृथ्वीची ओढ, दोर आडवा झाला म्हणून पृथ्वी जास्त ओढती व्हय? दोन बाजू आहेत, निम्मं निम्मं वजन, संपलं. टोळीही हसली. तुम्ही उठलात. ‘शिकलेली हाय ती. बांधा आखूडच.’

लेथ हातभर उचलली गेली आणि दोर तुटला. खाली कुणाला उभं राहू द्यायचं नाही हाही तुमचाच नियम, म्हणून माणसं वाचली. लेथचं चाक मोडलं, आणि तुटलेल्या दोराचं टोक तुमच्या दंडावर असं बसलं की त्याचा वळ पुढं कायम राहिला. मालक ओरडत आला. तुम्ही त्याला म्हणालात, ‘दोर जुना व्हता, मालक. माझी चूक.’ दोर जुना? पंधरा दिवसांपूर्वी आपण दोघांनीच तो सांगलीतून आणला होता, एसटीत माझ्या मांडीवर त्याचं वेटोळं होतं. मला वाटलं दुकानदारानं फसवलं. चला, त्याच्याशी भांडू, असा हट्ट धरला. तुम्ही म्हणालात, जाऊ दे. त्या बिचाऱ्या दुकानदाराला मी वर्षभर शिव्या घातल्या.

वर्षभरानं सांगलीच्या कॉलेजात सरांनी फळ्यावर दोन दोऱ्यांनी टांगलेली तसबीर काढली. दोऱ्या जमिनीशी तीस अंशांत असल्या तर प्रत्येकीवर आख्ख्या तसबिरीएवढा ताण येतो, आणि त्याहून आडव्या केल्या तर आणखी जास्त. मी तिथंच वहीत लेथ काढली, दोर काढला, बाण काढले. आमचा दोर तीस अंशांपेक्षाही आडवा होता. 

घरी आले तेव्हा तुम्ही दंडाला तेल चोळत चहाची वाट बघत होतात. रोजच्यासारखं विचारलंत, ‘काय शिकवलं आज?’ मी म्हटलं, दोरांचं. तुम्ही चोळायचे थांबलात. ‘मग? निम्मं निम्मंच असतंय ना?’

त्यानंतर आठ वर्षं तुम्ही होतात, रोज चहाला माझ्यासमोर बसायचात, आणि मी तो विषय काढला नाही. आज काढते. त्या दिवशी मी ‘व्हय’ म्हणाले. तुम्ही मान हलवलीत, हसलात आणि माझ्याकडं बशी सरकवलीत. निम्मं निम्मं नसतं, आबा.