मीटरमधलं चाक

अण्णा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि या हिवाळ्यात मी तुमचं काम केलं. हॉलंडमध्ये, एका परक्या बाईच्या घरी, मीटरसमोर उकिडवं बसून.

डेल्फ्टमधली आमची कंपनी घरात किती वीज जळते ते दाखवणारं यंत्र बनवते. छोटासा पडदा, त्यावर आलेख, आकडे, कालची-आजची तुलना. तीन वर्षं मी त्यात घातली. चाचणीसाठी काही घरांत दिलं, तर बहुतेकांनी त्याकडे बघणंच सोडलं. साहेब म्हणाले, हिवाळा संपेपर्यंत लोक वापरायला लागले नाहीत तर हे काम बंद. मग मी चाचणीतल्या एका घरी, नीउ-व्हेनेप गावातल्या आजींकडे गेले. यंत्र ड्रॉवरमध्ये, खोक्यासकट. "फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या, "म्हणून जपून ठेवलंय." मी पेटलेच. पृथ्वी, पुढच्या पिढ्या, उधळपट्टी; माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये पंधरा मिनिटं झोडपलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बोलून झालं? मग कॉफी घेऊ."

असंच तुम्ही विचारलं होतंत. मी सातवीत आहे. 'वीज वाचवा' या भाषणाला पहिला नंबर मिळवून स्वयंपाकघरात येते आणि हातातली ढाल नाचवत सगळं भाषण पुन्हा म्हणते. "बोलून झालं? मग ये इकडे." सकाळी फ्रॉकला इस्त्री करून मी ती चालूच ठेवून गेले होते. गावभर मीटर वाचत हिंडून तुम्ही जेवायला आलात तेव्हा टेबलावरची चादर करपली होती. तुम्ही ओरडला नाहीत. मला मीटरसमोर स्टुलावर उभं केलंत, घरातलं सगळं बंद केलंत. चाक थांबलं. बल्ब लावलात, चाकावरची लाल खूण रांगत आली. इस्त्री लावलीत, ती धावत सुटली. "टाळ्या पुरे," तुम्ही म्हणालात, "हे बघ."

कॉफी तशीच ठेवून मी आजींना दाराजवळच्या मीटरच्या कपाटाशी नेलं. आतला झाडू, छत्र्या बाजूला केल्या. एकेक वस्तू बंद करायला लावली. तरी चाक फिरतंच! "कोण आहे हा चोर?" आजी आता इरेला पेटल्या. चोर सापडला मागच्या शेडमध्ये. नवऱ्याचा बिअरचा फ्रिज. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, फ्रिज रिकामा आणि चालू. त्यांनी प्लगवर हात ठेवला. "त्यालाही हे आवडलं नसतं," म्हणाल्या, आणि उपटला. मी आत धावले. चाक थांबलं होतं.

लोक बेपर्वा नसतात, अण्णा. आपण त्यांच्या अंगावर आकडे फेकतो आणि वर त्यांनाच अडाणी ठरवतो. हे मी कुठल्याही व्यासपीठावरून ठणकावून सांगेन! परत येऊन मी सगळे आलेख काढून टाकले आणि पडद्यावर एकच चाक ठेवलं, लाल खुणेचं. वीज जास्त जळली की ते पळतं. काल बैठकीत कळलं, आजी शेजारणींना बोलावून ते दाखवतात, आणि बाकीच्या घरांतही यंत्रं ड्रॉवरबाहेर आली आहेत. काम चालू राहणार. कुणीतरी विचारलं, ही कल्पना कुठली? मी ताठ उभी राहिले आणि सांगितलं, माझे वडील मीटर रीडर होते, त्यांची; मी सातवीत असताना त्यांनी मला हे चाक दाखवलं. साहेब खूष. त्यांनी विचारलं, "पण एवढ्या लहान मुलीला त्यांनी हे का दाखवलं?"

मी म्हणाले, मला फार कुतूहल होतं. हे पत्र आमच्या मीटरच्या कपाटातच राहणार आहे, म्हणून लिहिते: इस्त्रीचं मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.