तासाभराचा इंद्र

सोलापूर, २० जानेवारी १९३४

तीर्थस्वरूप अण्णा,

जयजिनेंद्र. धाकट्या बहिणीचा, राजमतीचा नमस्कार.

आश्रमात मी खुशाल आहे. खोकला थांबलाय. वहिनीनं दिलेली शेंगाचटणी पुरवून पुरवून खाते. आईचे गुडघे कसे आहेत?

तुझं पत्र पोचलं. आपल्या बस्तीत, जिनमंदिरातल्या पूजेत, तू इंद्र होऊन भगवंताला अभिषेक करणार, हे वाचून लई बरं वाटलं. पण पुढं लिहिलंस, "तू ये, पर खांबाआड बस. नवरा गेलेली बाई पुढं दिसली तर लोक बोलत्यात."

अण्णा, तू निपाणीच्या वखारीत तंबाखू झाडणारा माणूस. जरीच्या कागदाचा मुकुट घालतोस, मनात 'मी इंद्र' असा भाव धरतोस, आणि तासभर सगळा गाव तुला इंद्र मानतो. कुणी हसत नाही.

इथं मी रोज शास्त्र वाचते. आत्मा सधवाही नाही, विधवाही नाही. जसा भाव धरावा तसा माणूस घडतो. आधी नुसतं घोकत होते. आता सकाळी डोळे मिटून, बस्तीत सगळ्यांच्या पुढं बसलेली मी मलाच बघते. पहिल्या दिवशी कल्पनेतसुद्धा उठून खांबाआड गेले. आता उठत नाही. आई तोंड फिरवील का, एवढीच धास्ती उरलीय.

तरी मी येणार. स्टँडवर बैलगाडी पाठव. नाही पाठवलीस तर चालत येईन. खांबाआड मात्र बसणार नाही.

लोक विचारतील, ही पुढं कोण बसलीय? मुकुट डोक्यावर असतानाच सांग, इंद्राची बहीण आहे म्हणून.

तुझी,
राजमती