सोड म्हणणारा माणूस

३ ऑगस्ट १९५४, मंगळवार
भिकाजीमास्तर गेले. गेले म्हणजे काढले. ठरावात 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं आहे, अक्षर माझं. कॉलेजच्या जिमखान्याचा चिटणीस झालो तेव्हा आईने पेढे वाटले होते. आता असली कामं.

कारण सगळ्या निर्वासित कॅम्पला ठाऊक. मागच्या हंगामात सेमीफायनलला आमचा काश्या चढाईला गेला. चौघांनी धरून खाली घातला, वर आणखी दोघे बसले. काश्याचं हुतुतू चालूच, हात मधल्या रेषेपासून वीतभर लांब. मास्तर बाहेरून ओरडले, "सोड." काश्याने दम सोडला, बाद झाला. एका गुणाने हरलो. मास्तरांचं म्हणणं, पोराचा आवाज बदलला होता. कमिटीचं म्हणणं, वीतभरच तर होतं.

काश्या माझाच भाऊ, म्हणून मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं नाही. मास्तरांनी शिट्टी टेबलावर ठेवली. चहा घेतला नाही.

७ ऑगस्ट, शनिवार
कमिटी. अध्यक्ष भाईसाहेब वेळेआधी हजर. फाळणीत इकडे आलेले सिंधी, कापडाचं दुकान नोकरावर टाकून येतात कॉलेजसाठी, हे मानलं पाहिजे. ऑफिसात त्यांनी काचेचं कपाट करून घेतलंय, सागवानी. आत काही नाही. त्यावर हात फिरवत म्हणाले, "वहाँ हमारे स्कूल में कप रखने की जगह नहीं थी, साईं. यहाँ अलमारी है, कप नहीं." मग खिडकीबाहेर बघत बसले. असं काही बोलले की माणसाला उलट बोलता येत नाही.

गणपतीपर्यंत नवा कोच आणायचा. शोधायचा कोणी? मी.

२० ऑगस्ट, शुक्रवार
तीन जण येऊन गेले. पहिले ठाण्याचे, नाव चांगलं. मैदान पाहिलं, बरॅकी पाहिल्या, विचारलं, "आधीचे का गेले?" मी प्रकृती म्हणालो. ते माझ्याकडे बघून हसले, टोपी घालून चालू लागले. दुसऱ्यांना राहायला दोन खोल्या आणि म्हशीला गोठा पाहिजे. तिसऱ्यांनी आल्या आल्या काश्याचा हात बघायला मागितला. मला वाटलं मनगट बघताहेत. रेषा बघत होते, भविष्याच्या.

बातमी फुटलेली दिसते. चांगला माणूस इथे येणार नाही.

संध्याकाळी काश्याबरोबर सायकलने मोरिवलीला घरी येताना बरॅकीतली पोरं मागे धावत होती. "सोड, सोड, सोड." काश्या पॅडल मारत राहिला. घरी जेवला नाही. वीस वर्षांचा घोडा, परड्यात जाऊन रडत होता. मी गेलो नाही तिकडे.

२८ ऑगस्ट, शनिवार
साळवी म्हणून एक गृहस्थ आले. स्वच्छ धोतर, काखेत छत्री, आवाज इतका हळू की पुढे झुकून ऐकावं लागतं. दोन संघांना ढाल मिळवून दिलीय, कागद खरे.

भाईसाहेब : कप मिलेगा?
साळवी : मिळेल.

मी विचारलं, तुमची आधीची पोरं आता कुठे खेळतात? म्हणाले, "खेळत नाहीत." का? "जिंकून झालं त्यांचं." सगळे हसले. मीही हसलो.

प्रिन्सिपलसाहेबांना मनातून पटलं नव्हतं, कमिटीवरच्या लायब्ररीवाल्यांनाही नाही. दोन विरुद्ध दोन. माझा हात राहिला. खिडकीच्या गजाला धरून काश्या बाहेर उभा होता. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हात वर केला.

११ सप्टेंबर, शनिवार
सराव सुरू झाला. साळवी ओरडत नाहीत, मारत नाहीत. पोरांना स्वतः दूध आणून देतात, मोसंबी सोलून फोडी हातात ठेवतात. एका दिवशी काश्याला घरी सोडायला आले. आईने पाट मांडला, घावने केले. ते गेल्यावर म्हणाली, "मानूस बरा हाय. पन डोले नाय हालत त्याचे."

आईला काय, सगळ्यांत काहीतरी दिसतं.

२ ऑक्टोबर, शनिवार
आज सरावाला थांबलो, रेषांच्या चुन्याचा हिशेब करायचा होता. बघितलं ते लिहून ठेवतो.

काश्याला पालथा पाडून वर चौघे बसवले. त्याचं हुतुतू चालू. कानाच्या दोन्ही बाजूंना दोघे जण रॉकेलचे रिकामे डबे बडवताहेत. एक जण मोठमोठ्याने ओरडतोय, "सोड, सोड." साळवी शेजारी उकिडवे बसलेले, काश्याच्या डोक्यावर हात. हळू आवाजात, "ऐकायचं नाही बाळ. कोणाचंच नाही." दम तुटला की पाणी, फोडी, आणि परत पहिल्यापासून.

मी जाऊन म्हटलं, हे काय चाललंय? उभे राहिले, धोतर झटकलं. "चिटणीससाहेब, मागच्या वेळी तो दमाने हरला नाही. ऐकलं म्हणून हरला."

मी परत जाऊन चुन्याची पोती मोजली.

१७ ऑक्टोबर, रविवार
शहाडला गेलो मुद्दाम. साळव्यांच्या जुन्या संघातला एक जण तिथे कारखान्यात हमालांचा मुकादम आहे असं कळलं होतं. सव्वीस वर्षांचा माणूस. स्टेशनचा पूल चढताना मध्येच कठड्याला टेकला. मला वाटलं बिडी शोधतोय. श्वास शोधत होता. छातीच्या डाव्या बाजूला आत खळगा पडलाय, सदऱ्यावरून कळतो. ओझं उचलवत नाही म्हणून साहेबाने मुकादम केलं.

म्हटलं, साळवी कसे? तर डोळे भरून आले त्याचे. "देवमाणूस. फायनल मी जिंकून दिली, मला खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं. आज बोलवलं तर आज जाईन."

छातीचं विचारलं. "त्याच चढाईत. पाच जण होते वर."

"कोणी सोड म्हटलं नाही?"

म्हणाला, "म्हटलं असेल हो. ऐकू नाही आलं."

परत येताना कल्याणच्या पुढे दोनदा सायकलची चेन पडली. दुसऱ्यांदा बसवलीच नाही, सायकल ढकलत घरी आलो.

१९ ऑक्टोबर, मंगळवार
भाईसाहेबांना दुकानात जाऊन सगळं सांगितलं. कापड मोजता मोजता ऐकलं. वाईट माणूस नाही, चेहरा उतरला. पण म्हणाले, "अब बदलेंगे तो लोग क्या कहेंगे? एक को निकाला क्योंकि बचाया, दूसरे को क्योंकि नहीं बचाया?" मग, "तुम्हारा भाई खुश है कि नहीं?"

खूश आहे. तिथेच तर घोडं पेंड खातं.

रात्री काश्याशी भांडण. खेळू नको म्हटलं. तो म्हणाला, "पोरं मागे धावत होती तेव्हा तू कुठे होतास दादा? तुझ्या तोंडातून एक शब्द तरी?" आई मध्ये पडली. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड, असं मी म्हणालो. तर म्हणतो, "मी शेळी नाही."

९ नोव्हेंबर, मंगळवार
दिवाळी झाली. स्पर्धा सुरू. पहिल्या दोन्ही मॅच जिंकल्या. बरॅकीतली तीच पोरं आता काश्याला खांद्यावर घेतात. काल मीही घसा बसेपर्यंत ओरडलो, खोटं कशाला लिहू. बरं वाटलं.

घरी वेगळंच. आई म्हणते, "मी तीनदा हाक मारली, वलून नाय बघला. बहिरा झाला का रं?" बहिरा नाही. परवा मांजराने भांडं पाडलं तर दचकला. फक्त माणसाच्या हाकेला वळत नाही. मी 'काश्या' म्हटलं तर जेवतच राहिला, खांद्याला हात लावला तेव्हा "काय दादा?" म्हणून हसला.

उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग. नाक फुटलं म्हणतो, उष्णतेने. थंडीत.

२१ नोव्हेंबर, रविवार
सेमीफायनल जिंकलो.

शेवटच्या चढाईत काश्यावर सहा जण. मी या खेपेला त्याच्याकडे बघितलं नाही, साळव्यांकडे बघत होतो. ते रेषेकडे बघत होते. पूर्ण वेळ रेषेकडे. पोराकडे एकदाही नाही. हुतुतू बारीक होत गेलं, मग नुसती घरघर, आणि बोट लागलं रेषेला. मैदान उठलं.

काश्या उठला नाही. माणसं नाचत होती त्याच्याभोवती. मी आत घुसेपर्यंत उठून बसला, माझ्याकडे बघून हसला. दात लाल.

"ओठ चावला," साळवी म्हणाले आणि मोसंबीची फोड त्याच्या तोंडात घातली.

डॉक्टरांकडे नेला जबरदस्तीने. छातीला कान लावून ते म्हणाले, महिनाभर खेळणं बंद. बाहेर आल्यावर काश्या म्हणतो, फायनल झाल्यावर महिना काय, वर्ष बंद.

२३ नोव्हेंबर, मंगळवार
बदलापूर गावात भिकाजीमास्तरांकडे. खळ्यावर भात झोडत होते. ऑगस्टनंतर प्रथमच तोंड दाखवलं मी. त्यांनी पेंढीवर बस म्हटलं, झोडत राहिले. सगळं सांगितलं, डबे, शहाडचा मुकादम, लाल दात.

"रविवारी फायनलला या मास्तर. नुसते रेषेपाशी उभे राहा. तुमचा आवाज तो ओळखेल."

"ज्या कामासाठी काढलं, त्याच कामाला बोलावतोस होय रे?"

मी पुढची पेंढी त्यांच्यापुढे सरकवली. मग तेच बोलले. "एकदा मी 'सोड' म्हटलं नव्हतं. मुरबाडकडची मॅच. मलाही वाटलं, वीतभर तर राहिलंय. त्या पोराची आई अजून बाजारात दिसते. भांडत नाही, काही नाही. वाट देते मला, बाजूला होऊन."

पेंढी हातात तशीच. विचारलं, सहा जणांखाली किती वेळ टिकतो आता? मी सांगितलं. मास्तर खाली बसले.

"एवढा दम माणसाचा नसतो," म्हणाले. "आपण मेलोय की जिवंत हेच त्याला कळत नसणार."

येतो म्हणाले नाहीत. येत नाही असंही म्हणाले नाहीत. मास्तरीणबाईंनी आईसाठी नवे पोहे बांधून दिले.

२५ नोव्हेंबर, गुरुवार
सरावाला गेलो. साळव्यांना म्हटलं, एकदा डबे बंद करा. केले लगेच, हसून. काश्यावर चौघे. मी मातीत गुडघे टेकून त्याच्या कानाशी गेलो. "काश्या, सोड."

हुतुतू चालू.

"काश्या, दादा आहे रे. सोड."

डोळे उघडे होते. मी त्या डोळ्यांसमोर होतो.

मग मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही, वर बसलेली पोरं घाबरून उठली. तरी तो हात पुढे सरकवतच होता, अंगावर कोणी नसताना.

"बघा," साळवी म्हणाले, "तयार झाला." माझ्या पाठीवरची माती झटकली.

२८ नोव्हेंबर, रविवार. सकाळ
फायनल चारला, आपल्याच मैदानावर. समोर कारखान्याचा संघ, लोखंड उचलणारी माणसं.

काश्या लवकर उठला. आईच्या पाया पडला, माझ्या पडला. म्हणाला, "दादा, आज रेषेपाशी उभा राहू नकोस. तू दिसलास की मला..." खूश होता. लहानपणी जत्रेला निघताना असायचा तसा. साळवी टांगा घेऊन आले, घेऊन गेले. टांगा वळेपर्यंत मी दारातून हाका मारल्या. साळव्यांनी मागे बघून हात हलवला. काश्याने नाही.

आई चुलीपुढून उठलीच नाही. मी आत आलो तेव्हा एवढंच म्हणाली, "तू उभा ऱ्हा."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रात्रभर हेच.

आवाजाचा उपयोग नाही, हे गुरुवारी कळलं. मास्तर आले तरी नाही, हे त्यांनाही कळलंय, म्हणून तर खाली बसले. आता उरला एकच मार्ग. बाहेरचा माणूस चढाई चालू असताना पटांगणात शिरला तर पंच मॅच समोरच्याला देतात. म्हणजे कप गेला. भाईसाहेबांचं कपाट तसंच राहणार. माझी नोकरी राहणार नाही, आणि ती राहावी असं म्हणायला मला तोंडही नसेल. काश्या जन्मभर बोलणार नाही माझ्याशी. बोलायला असेल तर न बोलू दे.

आणि वीतभरच राहिलं असेल तर? तो पोचणार असेल आणि मी शिरलो तर?

मास्तरांना आवाज बदललेला कळायचा. मला नाही कळत. मी खेळलोच नाही कधी, रेषा आखत आलो.

त्या आजही मलाच आखायच्या आहेत. चुना कालवून ठेवलाय, बादली सायकलला बांधली. मधली रेषा शेवटी आखीन आणि तिथेच उभा राहीन.