दुधाचा वाटेकरी

सोन्हा, आन्दोंगजवळ
५ मार्च १९६४

ती. सौ. आईस,
सुनिमचे शि. सा. न. वि. वि.

मी बाळंत होऊन आठवडा झाला. मुलगा आहे. बाबांना सांग, नाक थेट त्यांचंच उचललंय, तेव्हा कौतुक करताना जरा बेतानं करावं. ह्यांनी फाटकावर गवताची दोरी बांधून तिच्यात लाल मिरच्या खोवल्या. आता तीन आठवडे बाहेरचं कुणी आत यायचं नाही. पोस्टमनसुद्धा कुंपणावरून पत्र टाकून पळतो.

आणि तू? तू दोरी बांधायच्या आत येणार होतीस. सासूबाईंनी तुझं अंथरूण उन्हात घालून ठेवलं होतं. शेवटी घाट चढून कोण आलं, तर ती खारे मासे विकणारी बाई. तिच्या पाठीवर तुझं समुद्रातलं सुकं शेवाळ आलं, बाळंतिणीला देतात तसं लांबच्या लांब, कुठेही न मोडलेलं, चांगला मोठा भारा. सासूबाई दिवसातून तीन वेळा त्याचं सार करून माझ्यापुढे ठेवतात आणि वाडगा रिकामा होईपर्यंत समोरून हलत नाहीत.

सारामुळे दूध इतकं येतं की बाळाला पुरून उरतं. माझे झगे भिजतात. सासूबाई उरलेलं वाटीत पिळून घेतात आणि पायाखाली येऊ नये म्हणून भिंतीच्या कडेला ओततात. बाळ पितो छान, पण नंतर उचक्यांनी हैराण होतो आणि मी त्याच्याहून जास्त हैराण होते. त्याची नाळ अजून पडली नाही, मला तिला हात लावायची भीती वाटते. दृष्ट नको म्हणून घरात सगळे त्याला शेणगोळा म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी रडले, आता मीही तेच म्हणते.

खरं सांग, तू माझ्यावर रागावलीस का? पहिलं बाळंतपण आणि आई नाही, असं कुणाचं असतं का गं?

तुझी वाट बघणारी,
सुनिम


उल्जिन
९ मार्च

चि. सौ. सुनिम हिस आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. नातवाला माझे सगळे मुके. नाळेची काळजी करू नको, कोरडी ठेव, ती आपण होऊन पडेल, ओढू मात्र नको. उचकी लागली की उभा धर आणि पाठीवरून हात फिरव, नाहीतर पुन्हा छातीशी लाव. गार पाण्यात हात घालू नको. केस धुवायचे नाहीत, कितीही खाज सुटली तरी. खिडकीच्या फटीत चिंधी कोंब.

मी का आले नाही विचारतेस. अगं, गुडघा धरलाय. त्यात तुझ्या बाबांना खोकला. घाटात अजून बर्फ आहे. बाबा हल्ली चुलीशी बसतात, भात लावायला शिकलेत, रोज करपवतात आणि रोज म्हणतात की उद्या जमेल. रात्रीची झोप तर मुळीच नाही, माळ्यावर मांजर व्यालीय आणि पिल्लू सारखं रडतं.

बाळ एका वेळी किती वेळ पितो ते लिही. पिताना गिळल्याचा आवाज येतो का? तुला दूध पहिल्याच दिवशी आलं की उशिरा? सार एक दिवसही चुकवू नको. सगळं शेवाळ तुझ्यासाठीच आहे, पुरवायला बघू नको.

रागावेन कशी? राग यायला आधी तुझ्याशिवाय दुसरा विचार डोक्यात यायला हवा. माया आहे तशीच असू दे.

तुझी आई


सोन्हा
१३ मार्च

सौ. विहीणबाई यांस,
दल्सूच्या आईचे स. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? आणि मांजरीचं पिल्लू?

आज मासेवाली पुन्हा आली. फाटकाबाहेर उभी राहून मला म्हणाली, तुमच्या विहिणीला बाळंत होऊन दहा-बारा दिवस झाले, मुलगा झालाय, आणि तिला दूध नाही. म्हणाली, बाप गडी पोराला कोटात गुंडाळून गावात दारोदार दूध मागत फिरतो. गावात अंगावर पाजणाऱ्या दोघीच. त्यातली एक देते, ती तरी किती देणार?

अहो, लाजता कुणाला? मला? सुनेबरोबर सासू बाळंत झाल्याची घरं आमच्या गावात बोटांवर मोजण्याइतकी तरी आहेत, त्या सगळ्या अजून ताठ मानेनं जगतायत. आणि मी इथे अंथरूण उन्हात घालून तुमच्या नावानं बोटं मोडत होते. म्हणत होते, बाईला लेकीची पर्वा नाही. ते सगळे शब्द परत घेते.

सुनिमला सांगितलं. आधी ती खो खो हसली, मामा भाच्याहून लहान म्हणून. मग तिनं एकदम विचारलं, आईनं शेवाळ सगळं इकडे पाठवलं, मग ती काय प्यायली? मासेवालीनंच सांगितलं होतं, भारा घरात एकच होता म्हणून. पोरीनं समोरचा वाडगा बाजूला सारला आणि जी रडायला लागली, ती थांबेना. तिचं म्हणणं एकच, आईच्या वाट्याचं मी प्यायले आणि इथलं दूध मातीत ओतलं.

तर आता ऐका. बाजाराच्या दिवशी मोटार सुटते, त्या मोटारीनं दल्सू तिला आणि बाळाला घेऊन येतोय. दोरीची मुदत अजून सरली नाही, मी आजच सोडतेय. तुमच्यापासून लपवत नाही, मला भीती वाटते. घाटातला वारा आहे, आमच्या घरातला हा पहिला नातू आहे. दोरी सोडायला गेलेला हात मी दोनदा मागे घेतला. पण भिंतीकडेला दूध ओतणारे हातही माझेच.

सुकं शेवाळ दल्सूच्या पाठीवर देतेय. हे तुमचं आहे, एकटीनं प्यायचं. लोभ आहेच, आता थोडी भीडही सोडा.

दल्सूची आई


उल्जिन
१५ मार्च

सौ. विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

पत्र मिळाल्याबरोबर बसले. हात जोडून सांगते, सुनिमला पाठवू नका. दोरी पुन्हा बांधा.

तुम्ही सगळं जाणता तर उरलेलंही सांगते. मला दिवस गेले तेव्हा वाटलं, या वयात पाळी जायचीच. कळलं तेव्हा सुनिमलाही दिवस होते. लेकीच्या सासरी काय तोंड दाखवू? मुलगा लष्करात आहे, तो सुटीवर येईल तेव्हा काय सांगू? सैल झगा घालून हिवाळा काढला. कळा आल्या तेव्हा तोंडात फडकं कोंबलं, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. असं जन्माला आलेलं पोर, त्यानं तरी रडायचं कशाला मोठ्यानं? रडतच नाही तो आता.

सुनिमच्या पाठची दोन मी गमावली आहेत, विहीणबाई. मला हे ओळखता येतं. म्हणून त्याच्याकडे फार बघत नाही. त्याच्यापायी तुमच्या नातवाला थंडी बाधली, किंवा दूध वाटलं जाऊन त्याला कमी पडलं, तर मी दोन्हीकडून मेले. एकाचं जे व्हायचं ते होईल. दुसऱ्याला यात ओढू नका.

माझ्या लेकीला पोटाशी धरलंत, तेवढं पुष्कळ झालं. असाच लोभ ठेवा.

सुनिमची आई


उल्जिन
२ एप्रिल

ती. सासूबाईंस,
सुनिमचे शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचल्याचं ह्यांनी परत येऊन सांगितलं असेलच. शेणगोळा घाटभर झोपला. त्याच्यापेक्षा हेच जास्त गारठले. आईचं ‘पाठवू नका’ असं पत्र तुम्हाला आम्ही निघाल्यावर मिळालं असणार. आईनं सांगितलं की ते चुलीत घाला.

पहिल्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. वळेचना. मी कितीदा हाक मारली, तर म्हणाली, हात धुऊन घे, प्रवासातून आलीस. बाबांनी भावाला माझ्या मांडीवर ठेवलं. सासूबाई, मांडीवर काही ठेवलंय असं वाटतच नव्हतं. छातीशी लावला तर त्याला ओढता येईना, तेवढी ताकदच नव्हती. मग दूध पिळून चमच्यानं ओठांवर सोडत राहिले. निम्मं बाहेर यायचं. ह्यांनी दोन दिवस शेणगोळ्याला उचलून अंगणात फिरवलं आणि मी चमचा सोडला नाही. मला वाटत होतं, आपण उशिरा आलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं ओढलं. गिळल्याचा आवाज आला. आई भिंतीकडे तोंड करूनच होती, पण तो आवाज तिला ऐकू गेला. ती वळली, गुडघ्यांवर सरकत माझ्याजवळ आली आणि त्याच्या गळ्याकडे बघत बसली. म्हणाली, पितोय गं. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून इतकी रडली की बाबा अंगणातून घाबरून धावत आले. त्यांना वाटलं, संपलं सगळं.

आता दोघेही एकदम भुकेजतात, एका वेळी एकेक बाजू. शेणगोळा आधी मामाला लाथ मारतो आणि मग प्यायला लागतो. त्याला काही कमी पडत नाही, मांड्यांना वळ्या पडल्यात, तुम्ही बघालच. ह्यांनी निघताना मेहुण्याला रीतसर वाकून नमस्कार केला. मेहुण्यानं त्यांच्या बाहीवर ओकून आशीर्वाद दिला. तुम्ही दिलेल्या शेवाळाचं सार मी करते आणि वाडगा रिकामा होईपर्यंत आईसमोरून हलत नाही. तुमच्याकडूनच शिकले. आता तिलाही थोडं दूध यायला लागलंय.

काल मी आणि आई बाजारात गेलो होतो, लंगोटांना कापड आणायला. बाळंतपणाचे तीन आठवडे सरल्यापासून ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली. मी शेणगोळ्याला पाठीशी बांधलं, तिनं भावाला. कापडवाली परगावची होती. तिनं हसून आईला विचारलं, आजीबाई, दोन नातू एकदम आले का? मी घाईघाईनं हो म्हणणार होते, आईची अडचण नको म्हणून. तेवढ्यात आई म्हणाली, नातू तो, हा माझा, मी जन्माला घातलाय. आणि पाठीवरची गाठ सोडून तिनं त्याला पुढे घेतलं, त्याच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि त्या बाईला म्हणाली, नीट बघून घे.

शेतीची घाई सुरू व्हायच्या आत येईन. तोवर दोघांनाही तुमचा आशीर्वाद असू द्या.

तुमची सून,
सुनिम