शेवटची गेली का?

प्रिय धाकटे,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, आत बाबांचे रिपोर्ट नाहीत. बाबा बरे आहेत, म्हणजे होते तसेच आहेत. उजवा हात अजून नीट उचलता येत नाही, पण चहाचा कप माझ्याशिवाय कुणाला धरू देत नाहीत. शेजारच्या काकू तासभर बसायला आल्या तर भिंतीकडे तोंड करून पडतात, आणि मी दारात चपला काढल्या की लगेच त्यांच्याशी गप्पा सुरू. काकूंना वाटतं, किती गोड म्हातारा आहे.

माझी बातमी अशी, की आमच्या रात्रीच्या बस सुरू झाल्या. तू हसशील, पण वर्षभर बससेवेच्या ऑफिसात याच्यासाठी डोकेफोड चालली होती. बाहेरून येणारी माणसं संध्याकाळ झाली की काढता पाय घेतात, जेवायलाही थांबत नाहीत, अशी हॉटेलवाल्यांची तक्रार. साहेब म्हणाले, पाहुणा थांबला पाहिजे. सगळे शहराबद्दल बोलत होते आणि मला तू दिसत होतीस. सोफ्याच्या कडेला टेकलेली, पर्स मांडीवर, एक डोळा घड्याळावर. मी बाबांच्या गोळ्यांचं सांगायला लागले की तुझं ठरलेलं, ताई, शेवटची बस जाईल गं. मग मी इरेला पेटले. बस रात्रभर हवी आणि ती आपल्या गल्लीच्या तोंडाशी थांबायला हवी, हे नकाशे पसरून सगळ्यांच्या गळी उतरवलं. पाहुण्यांसाठी तीन दिवसांचा पासही मीच सुचवला. सगळ्या बस, संग्रहालय, नदीतली बोट, सगळं त्यात. जन्म इथे गेला, त्या बोटीत मी अजून पाय ठेवलेला नाही.

आणि यात मी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. बाबांचं तुला ठाऊक आहे, रोज रात्री विचारणार, शेवटची गेली का? मी गेली म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि ते झोपायचे. आपल्याला वाटायचं, आवाजाचा त्रास होतो म्हणून विचारतात. आता शेवटची अशी नाहीच. खिडकीखाली बस थांबते, दार उघडल्याचा आवाज येतो, की ते उठून बसतात. मी गेली म्हणते, थोड्या वेळाने पुढची येते. परवा त्यांची चादर सारखी करत होते, तर डाव्या हाताने माझी बाही धरली आणि म्हणाले, आता तू केव्हाही जाऊ शकतेस. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ते इतकी वर्षं बसची चौकशी करतच नव्हते. आई गेली, तू गेलीस, घरात शेवटची उरले मी. बस गेली म्हणजे सकाळपर्यंत ही कुठे जात नाही, एवढंच त्यांना हवं होतं. मला आधी राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. बाही सोडवून घ्यायला बराच वेळ लागला.

पाकिटात तुझ्यासाठी पाहुण्यांचा पास आहे. पासच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, कोण येणार आहे? बहीण म्हणाले खरी, पण माझी मलाच खात्री नव्हती. दुसऱ्या एका शहराने अशाच बस सुरू करायला मला सहा महिन्यांसाठी बोलावलंय. पुढच्या आठवड्यात कळवायचंय. बाबांना अजून सांगितलेलं नाही. मला जायचंय गं, फार जायचंय. मी तुझ्याकडे सहा महिने मागत नाही, आधी तीन दिवस ये. तेवढ्यात मी तिथलं काम आणि राहायची खोली बघून येते, आणि तू बघ, त्यांना माझ्याशिवाय झोप लागते का. बस चुकेल हे कारण आता चालणार नाही, त्याचा बंदोबस्त मी केला आहे. शुक्रवारी ये. पहिल्याच रात्री ते विचारतील, शेवटची गेली का? तू खोटं बोलू नकोस. गेली म्हण, मी गेलेलीच असेन, आणि त्यांना झोप लागेपर्यंत जवळ बस.

तुझीच,
ताई