तक्त्यातल्या तिसऱ्या हाडाबाबत

प्रति,
माननीय अधीक्षक,
प्रसूती रुग्णालय.

विषय : सुनेची नैसर्गिक प्रसूती कागदोपत्री ‘शस्त्रक्रिया’ दाखवल्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

मी आपल्या शरीररचना विभागात परिचर असून एकोणीस वर्षे संग्रहालयातील हाडे पुसते. माझी सून डोंगरापलीकडच्या लोकांतली. पहिल्या खेपेस डॉक्टरांनी तिला हातही न लावता, नुसते माहेर विचारून ‘श्रोणी अरुंद’ लिहिले व शस्त्रक्रिया केली. मी विचारले तर म्हणाले, “मावशी, त्या बायकांचं कंबरेचं हाडच तसं असतं. तक्ता बघा.”

बघितला. इतर लोकांच्या नावाखाली शेकडो नमुने, डोंगरापलीकडच्यांच्या खाली तीन. तिन्ही पेट्या माझ्याच कपाटात आहेत. तिसरीवर ‘वय अंदाजे तेरा’ अशी चिठ्ठी होती. वाढ पुरी न झालेल्या पोरीच्या हाडावरून बायांचे माप ठरवले, असे मी पहिल्या अर्जात कळवले. चौथ्या दिवशी त्या चिठ्ठीच्या जागी ‘प्रौढ’ अशी दुसरी चिठ्ठी होती. बाकी चिठ्ठ्यांची शाई काळी, हिची निळी. कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे असते हे मी इथे लिहीत नाही. आपणांस ठाऊक असावे.

गेल्या मंगळवारी सुनेला तारखेआधीच कळा लागल्या. नोंदणीच्या खिडकीपाशी कारकून माहेर विचारत होते, तोवर ती बाकावरच बाळंत झाली. मुलगी सव्वातीन किलोची, दोघी सुखरूप. तरी घरी सोडताना दिलेल्या कागदावर ‘शस्त्रक्रियेने प्रसूती’! कारकून म्हणाले, “वर अरुंद लिहिलंय ना? मग खाली दुसरं कसं लिहू?” सुनेच्या पोटावर पहिल्या खेपेचा एकच व्रण आहे. हवे तर बाई डॉक्टरांनी खात्री करावी. हे चुकून झाले असे मला वाटत नाही.

हाडाहाडांत फरक असतो हे मला कोणी सांगायला नको. पण एकाच गावच्या दोन बायांचीही हाडे सारखी नसतात, हे मी रोज हाताने बघते.

तरी नोंद दुरुस्त करावी. शिवाय सुनेच्या धाकट्या बहिणीच्या कागदावरही ‘अरुंद’ लिहून झाले आहे. तिला नववा लागला असून ती गुरुवारी येईल. तिला आधी तपासावे, माहेर मागाहून विचारावे. मी तिच्याशेजारी उभी राहणार आहे. त्या दिवसाची रजा वेगळ्या अर्जाने मागितली आहे.

लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
परिचर, हाडांचे संग्रहालय
दिनांक : १४, सोमवार

सोबत :
१. घरी सोडल्याचा कागद (नक्कल. मूळ प्रत देणार नाही.)
२. निळ्या शाईच्या चिठ्ठीचा फोटो
३. मूळ चिठ्ठीची नोंद असलेले माझ्या साफसफाईच्या वहीतले पान