फळीचं वजन

ता. ९ जानेवारी

चि. लोण्यास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर ओरडून तुझा घसा बसतो, आणि लाँड्रीतल्या यंत्रांनी माझे कान कधीचे खाऊन टाकलेत, त्यामुळे माझ्यापर्यंत नुसती भुणभुण पोचते. पत्रच बरं. पत्राला ओरडावं लागत नाही.

तर डॉक्टरांनी तुझं मूत्रपिंड पास केलं आणि तुला नापास केलं! रक्त जुळतं, बाकी सगळं जुळतं, फक्त दहा किलो उतरवून या, असं म्हणाले. मी आधी हसले. आई गेली तेव्हा तू रांगत होतास आणि बाबा दिवसभर भट्टीशी. तुला कडेवर घेऊन घेऊन माझी कंबर वाकडी झाली, म्हणून तर तुझं नाव लोण्या ठेवलं. आता पन्नाशीत तू माझ्यासाठी हलका व्हायचं म्हणतोस.

मला आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या यंत्राला जोडतात. फार दुखत नाही. घरी आले की अंग पिळून वाळत घातल्यासारखं होतं, एवढंच. पाणी मात्र मोजून प्यायचं. तेव्हा आता मी घोट मोजते, तू घास मोज. पण माणसासारखा मोज. उपाशी तोंडाच्या बेकरीवाल्याकडून पाव कोण घेईल?

वहिनीला आशीर्वाद सांग. लोभ आहे तो तसाच ठेव, त्यात वजन उतरवू नकोस.

तुझी,
अक्का

ता. ३ मार्च

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

सकाळची भट्टी उतरली की मी बूट घालून धावायला निघतो. धावतो हा आपला माझा शब्द. गल्लीतली कुत्री पहिल्या दिवशी भुंकली. आता मानही उचलत नाहीत. दूधवाल्याने तर विचारलं की काय हरवलंय.

फोनमध्ये सगळं टिपायचं असतं. खाल्लं ते एका बाजूला, धावून जाळलं ते दुसऱ्या बाजूला, दोन्हीकडे कॅलरी. अर्धा तास जीव तोडून धावल्यावर काय जळतं ठाऊक आहे? आपल्या दुकानातला एक क्रीमचा बन. आयुष्यभर मी किती गिऱ्हाइकांच्या मागे किती धावणं लावून दिलं, या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्रीमची चव आता जिभेवर घेतो आणि थुंकून टाकतो. जिभेवर राहिलं तेही फोनमध्ये लिहितो.

वजन करतो ते बाबांच्या काट्यावर. आठवतो ना, मागच्या खोलीतला, पिठाची पोती चढवायचा? हल्ली पीठ मोजलेल्या पोत्यांतूनच येतं, त्यामुळे तो नुसता अडगळीत उभा होता. पुसून घेतला, वरची जाड फळी धुतली, रोज तिच्यावर उभा राहतो. चौकातल्या औषधवाल्याकडे काटा आहे, पण त्याच्यावर त्याचं मांजर झोपतं. बाबांचा काटा कधी खोटं बोलला नाही.

सहा किलो गेले. पण पुढे काटा हलेना. खाणं आणखी कमी केलं, धावणं वाढवलं, तरी ढिम्म. जणू कुणी मागून शर्ट धरून ठेवलाय. पण अक्का, मी सोडणार नाही. शेजारच्या खाटेवर माझ्यासाठी तू जागा अडवून ठेव म्हणजे झालं.

तुझा,
लोण्या

ता. २२ मार्च

ती. वन्संस सा. न. वि. वि.

ह्यांना न सांगता लिहिते आहे, राग मानू नका.

हे परवा भट्टीसमोर पडले. पाव काढायचं लांब फावडं हातात होतं, ते निसटलं आणि मनगट तापलेल्या पत्र्याला टेकलं. कातडी सोलली. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न काय, तर पडताना किती कॅलरी जळल्या असतील. मी हसले नाही. तेही हसत नव्हते.

एक उकडलेलं अंडं आणि काकडी, यावर दुपार काढतात. कणीक तोलायच्या छोट्या तागडीत काकडी तोलतात. माझं ताट समोर आलं की तोंड फिरवून बसतात. सकाळी धावतात, पुन्हा संध्याकाळीही धावतात. परवा गल्ल्यावर गिऱ्हाइकाने टोस्टचा तुकडा मोडून खाल्ला, तर हे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले आणि डोळे भरून आले. गिऱ्हाईक घाबरून गेलं.

डॉक्टर म्हणतात, हळूहळू करा. हे म्हणतात, अक्काकडे हळूहळूला वेळ नाही. वन्सं, तुम्हाला बरं वाटायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण मला हेही हवेत. काय बोलू, कुणाशी बोलू कळत नाही. तुमचा शब्द ते ऐकतील. काहीतरी करा.

या पत्राचं त्यांना कळू देऊ नका. माया असू द्या.

तुमची,
वहिनी

ता. १२ एप्रिल

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

आधी बातमी, मग बाकीचं: दहा किलो उतरले!

आता कसे ते ऐक आणि आपल्या भावाच्या अकलेला हस. इतके दिवस मी काट्यावरच्या फळीवर उभा राहून वजन करत होतो. परवा काटा ढिम्म बघून डोकं फिरलं, फळी उचलून भिंतीवर आपटणार होतो. उचलली तर चांगली चार किलोची! म्हणजे फळीचं वजन मी रोज माझ्या अंगावर घेत होतो. ती बाजूला ठेवली, नुसत्या लोखंडावर उभा राहिलो, आणि दांडी बरोबर हव्या त्या आकड्यावर टेकली. मी मागच्या खोलीत एकटा नाचलो. कारागीर बघून गेला आणि बाहेर जाऊन ज्याला त्याला सांगू लागला.

इस्पितळात कळवलं. मेच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली. तुझ्या गावी आदल्या दिवशी येतो. आता धावणं आहे तेवढंच ठेवलंय, आणि रविवारी हिच्या आग्रहाने पावाचा एक जाड तुकडा लोणी लावून खाल्ला. अक्का, मी विसरलो होतो की पाव गोड असतो.

आता रडायचं नाही. माया आहेच, ती मेमध्ये शेजारच्या खाटेवरून मागून घेईन.

तुझा,
लोण्या

ता. १९ एप्रिल

चि. सौ. वहिनीस अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र तू एकटी असताना वाच.

लोण्याने फळीचं लिहिलंय. वाचलं आणि लगेच तुला लिहायला बसले. ती फळी काट्याचीच आहे गं. पोती लोखंडाला चिकटून ओली होऊ नयेत म्हणून बाबांनी ती बसवली आणि फळीसकट काटा शून्यावर आणला. दांडीच्या मागे तारेने बांधलेला शिशाचा तुकडा असेल बघ, तो त्यासाठीच. बाबा तार आवळत होते तेव्हा तो तुकडा मीच धरला होता. लोण्या तेव्हा पोत्यावर झोपलेला असायचा, त्याला कुठून ठाऊक? फळीवर उभा राहून तो जे वाचत होता तेच खरं होतं. फळी काढली म्हणून चार किलो कमी दिसले. ते त्याच्या अंगावर अजून आहेत.

मी त्याला हे सांगणार नाही, आणि तूही सांगू नकोस. तुझं मागचं पत्र आल्यापासून मला भट्टीचं तोंड डोळ्यांपुढून हलत नाही. नको म्हटलं तर तो ऐकणारा नाही. निदान मेपर्यंत त्याच्या पोटात चार घास पडू देत. इस्पितळातले त्यांच्या काट्यावर बघतील, परत पाठवतील, तेव्हा दमून हात टेकेल. असंच होऊ दे.

माझं काय, मी इथे यंत्रावर ठीक आहे. चेहऱ्यावर काही दिसू देऊ नकोस. तुझ्या हातचं त्याला खाऊ घाल.

तुझी,
अक्का

ता. ११ मे

ती. अक्कास,

नमस्कार.

डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, पुन्हा उतरवून पुन्हा चढवलं. मी म्हणालो, तुमचा काटा बिघडलाय. नर्सने स्वतः चढून दाखवलं, तिचं वजन बरोबर आलं. डॉक्टर म्हणाले, आणखी चार उतरवा, आजची तारीख दुसऱ्यांना देतो. तू समोरच्या खाटेवर इस्पितळाचा झगा घालून बसली होतीस. आकडा डॉक्टरांनी माझ्याकडे बघत सांगितला, तुला ऐकूही गेला नसेल, आणि तरी माझ्या आधी तुझी मान खाली गेली. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

घरी आल्यावर हिने रडत रडत सांगितलं.

तुला ठाऊक होतं. अक्का, महिना गेला. मी लोणी लावून पाव खात होतो. एका ओळीचं पत्र टाकलं असतंस, फळी परत ठेव एवढंच, तर तो महिना मी दुप्पट धावलो असतो. तुझं आयुष्य आहे म्हणून त्याचा हिशेब तू एकटीने करायचा, हे कुणी ठरवलं? मूत्रपिंड माझं आहे.

फळी जागेवर ठेवली आहे. उद्यापासून पुन्हा.

लोण्या

ता. १८ मे

चि. लोण्यास अ. उ. आ. वि. वि.

नमस्कारापुढे वि. वि. लिहायला विसरलास. मी मुद्दाम लिहिलं, दोघांचं मिळून एक होईल.

रागाव. तुझा हक्कच आहे. मी बरोबर केलं असं तेव्हा वाटलं होतं. आता काय वाटतं ते विचारू नकोस. मी लाँड्रीत आयुष्य काढलं, लोकांच्या शर्टांना इस्त्री करता करता कोण सुकत चाललंय ते मला कॉलरवरून समजायचं. त्या दिवशी इस्पितळात तुझा शर्ट बघितला. खांद्यावरून तो असा लोंबत होता की आत माणूस आहे की हँगर, तेच कळेना. माझं तोंड उघडेना, ते त्यामुळेही.

तू माझं ऐकणार नाहीस हे ठाऊक होतं, म्हणून वाटलं की काटाच तुला नाही म्हणेल. तो म्हणाला, तरी तू ऐकलं नाहीस. वेडा आहेस. बाबांवर गेलास.

वहिनीवर चिडू नकोस, तिने माझंच ऐकलं. हाताची जखम उघडी ठेवू नकोस.

माझ्यावर माया नसली तरी चालेल, स्वतःवर ठेव.

तुझी,
अक्का

ता. २६ जून

चि. लोण्यास अ. उ. आ. वि. वि.

बसून वाच. वहिनीला शेजारी बोलाव.

गेल्या पंधरवड्यात दोनदा यंत्रावर असतानाच मला दम लागला. छातीची तपासणी झाली. डॉक्टर बराच वेळ काहीतरी बोलत होते, मला फक्त त्यांचे ओठ दिसत होते. मी म्हटलं, बहिरीला लिहून द्या, मोठ्या अक्षरात. त्यांनी कागद घेतला. हृदय दमलंय, भूल सोसणार नाही, असं लिहिलं. मी विचारलं, मग ऑपरेशन? त्यावर त्यांनी फक्त 'शक्य नाही' एवढंच लिहिलं, आणि पेन उघडंच धरून बसून राहिले. भला माणूस आहे.

मेमध्ये झालं असतं का, हे मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. उत्तर काहीही आलं तरी ते उराशी घेऊन आपल्या दोघांना झोपायचंय.

यंत्र चालू राहील, जमेल तोवर. तुला एकच सांगणं, बूट काढून ठेव. फोन वहिनीकडे दे. आणि जेव. मी तुला कधी काही मागितलं नाही, आता मागते आहे.

तुझी,
अक्का

ता. २७ जून

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

झालं! या वेळी फळीवर उभा राहून. औषधवाल्याकडेही गेलो, मांजराला उचलून बाजूला ठेवलं, तिथेही तोच आकडा. चारही गेले, उलट थोडे जास्तच. डॉक्टरांना आजच कळवतो, तूही सांग.

राग अजून आहे, पण मूत्रपिंडाला तो लागू नाही. शेजारच्या खाटेवर आलो की तुझ्याशी मनसोक्त भांडेन, तुला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. तोवर घोट मोजत राहा. पोचल्याचं लगेच कळव.

तुझा,
लोण्या

ता. ५ जुलै

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

आपली पत्रं वाटेत एकमेकांच्या शेजारून निघून गेली.

तुझं ऐकतो आहे, पण नीट जमत नाही. ही ताट वाढते, समोर बसते. घास तोंडात फिरत राहतो, गिळला जात नाही. फोन हिने पिठाच्या डब्यामागे ठेवलाय, तो तिथूनही विचारत राहतो की आज काय खाल्लं. फळी काट्यावर आहे, काटा अगदी खरं सांगतो, आणि त्या खऱ्याचं मी काय करू ते कळत नाही.

बूट काढून ठेवले होते. तरी भट्टी उतरली की पाय दाराकडे वळतात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. काल अनवाणीच कोपऱ्यापर्यंत गेलो. कुत्री पुन्हा भुंकायला लागली आहेत, कारण आता मी खरंच धावतो.

मेचं विचारत नाही. तू सांगितलंस म्हणून नाही, मला उत्तर नको आहे म्हणून.

दुकान कारागिरावर टाकून उद्या निघतो, हीपण येते. तुझ्या खाटेशी बसेन. तुझे घोट मी मोजेन, माझे घास तू मोज, चुकले तरी चालतील. शर्ट बघून रडायचं नाही. मी इतका हलका झालोय अक्का, की तुझ्या कंबरेला काही झालं नसतं. तू मला पुन्हा कडेवर घेऊ शकली असतीस.

माया आहे तेवढी असू दे, ती तरी कुठल्या काट्यावर चढवायची नाही.

तुझा,
लोण्या